रत्नाबाई आणि अमेरिकेची घरकोंबडी

प्रिय ईशा आणि निखिल,

गेल्या रविवारी ईशाने फोनवर सांगितलं की शाळेने तुम्हाला तिकडच्या एका जुन्या कवयित्रीचं घर दाखवायला नेलं होतं. ती बाई वर्षानुवर्षं घराबाहेर पडली नाही, पांढरेच कपडे घालायची, कविता लिहून पेटीत ठेवून द्यायची, वगैरे. आणि मग ईशा म्हणाली, "आजी, तू काही तिचं नाव ऐकलं नसशील."

ऐकलं आहे. पंधरा वर्षांची असताना मी त्या बाईचं मराठी चरित्र नगरबाहेरच्या प्लेगच्या झोपडीत बसून उतरवून काढलं आहे. एवढं सांगितल्यावर ईशा हसली आणि तिने फोन निखिलकडे दिला. म्हणून आता लिहूनच सांगते. ते चरित्र लिहिणाऱ्या रत्नाबाई साळवे यांना पाहिलेलं माणूस माझ्याखेरीज आता कोणी उरलं असेल असं वाटत नाही. कवयित्रीचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ते लिहीत नाही. रत्नाबाई तरी कुठे घ्यायच्या? त्या तिला "आपली घरकोंबडी" म्हणत. घर सोडून कुठेही न जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे घरकोंबडा म्हणतात, त्यातलंच हे.

रत्नाबाई आम्हाला मिशनच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांचा तास शाळेच्या फाटकापासून सुरू होई. फाटकातून आत पाऊल टाकताच त्या मोठ्याने विचारत, "काल कुठवर आलो होतो गं?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे सुरू करत. मैदान ओलांडून वर्गात पोहोचेपर्यंत अर्धा धडा झालेला असे. खिडकीजवळच्या मुली इंग्रजीत हुशार आणि भिंतीजवळच्या कच्च्या, हे आमच्या शाळेचं ठरून गेलेलं होतं. मी खिडकीजवळ बसत असे.

शाळा पाच वाजता सुटे. त्यांचं घर दहा मिनिटांच्या वाटेवर, आमच्याच गल्लीत. त्या सात वाजता पोहोचत. वाटेत प्रत्येक ओट्यावर "सलाम!" करायचा, कोणाची सून बाळंत झाली, कोणाची म्हैस आटली, याची चौकशी करायची, आणि लढाईवर गेलेल्या पोरांची पत्रं त्यांच्या आयांना वाचून दाखवायची. पत्रात वाईट काही असलं तर त्या ते वाचत नसत. घरातल्या पुरुषाला बाजूला घेऊन सांगत. कोणी म्हणालं, "बाई, फार बोलता तुम्ही," की उत्तर ठरलेलं: "देवबापानं तोंड दिलंय ते काय नुसतं जेवायला?"

अशा बाईने आयुष्यभर गप्प बसलेल्या बाईचं चरित्र लिहायला घ्यावं, याचं कारण एक मडम. या मडम आमच्या शाळेच्या आधीच्या मुख्याध्यापिका. अमेरिकेला कायमच्या परत जाताना त्यांनी आपली पुस्तकं वाटून टाकली. त्यात या कवयित्रीच्या चरित्राचं जाडजूड पुस्तक होतं. ते रत्नाबाईंच्या हातात देताना मडम हसून म्हणाल्या, "रत्ना, हे तुला. पण तू ते पुरं करशील इतका वेळ कधी गप्प बसशील असं मला वाटत नाही." सगळ्या शिक्षिका हसल्या. रत्नाबाईही हसल्या. मात्र ही गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली, आणि दहाही वेळा शेवटी हसायचं विसरल्या.

त्यांनी ते पुस्तक पुरं केलं, तेही तीनदा. मग ठरवलं की मराठी मुलींसाठी या बाईचं चरित्र आपण लिहायचं. त्याला बारा वर्षं झाली होती आणि पानं झाली होती अकरा.

वर्गात मात्र घरकोंबडी रोज यायची. धडा कुठलाही असो. "आपली घरकोंबडी पाहुण्यांशी दाराआडून बोलायची. पाहुणा दिवाणखान्यात, ही जिन्यात. तुम्ही मागच्या बाकावरच्या, तुम्ही पण तशाच कवयित्री का? पुढं या." कोणी विचारलं की बाई, ती पांढरंच का नेसायची, तर म्हणत, "तिच्या गावाला नगरची धूळ नव्हती म्हणून. इथं दुपारपर्यंत तिची गोणी झाली असती." स्वतः बाई गडद इरकली नेसत. एकदा त्या फळ्याकडे तोंड करून, खडू तसाच हातात धरून म्हणाल्या, "ही वीस वर्षं घराबाहेर पडली नाही म्हणून लोक लांबून तिचं घर बघायला जातात. आपल्या गल्लीत चाळीस वर्षं बाहेर न पडलेल्या पाच बायका मी दाखवते. त्यांचं घर बघायला कोण येतंय?" त्या दिवशी धडा तिथेच थांबला.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती त्या वर्षीच्या मार्चमध्ये पुण्याच्या एका छापखान्याचं पत्र आलं. मुलींसाठी थोर स्त्रियांच्या चरित्रांची माला निघणार होती आणि एक पुस्तक बाईंचं घ्यायला ते तयार होते. पण कागद परमिटवर मिळे. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: पंधरा जूनला हस्तलिखित हातात पडलं नाही तर तो कागद पंचांगाला जाईल. बाईंनी ते पत्र शाळेत सगळ्यांना दाखवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता पुस्तक लिहावं लागणार.

"कुसुम," त्या मला म्हणाल्या, "मे महिनाभर मी दार लावून घेणार. आपली घरकोंबडी वीस वर्षं बसली, मला एक महिना बसता येत नाही? तू तेवढी परसातून यायचं. मी लिहीन ते तू उतरवून काढायचं. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं राख उकरल्यासारखं आहे, ते सुधारेल." बाई लिहिणार होत्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, शाईने. माझ्या अक्षरावर शाईची पुडी खर्च करणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून मला शिसपेन.

आता तुम्हाला एक सांगितलं पाहिजे. त्या वेळी नगरात दिवसा कोणी दार लावत नसे. आमच्या गल्लीत तर दिवसा लागलेल्या दाराचे तीनच अर्थ होते: घरातले परगावी गेले, घरात कोणी गेलं, किंवा घरात काहीतरी लागट दुखणं आलं. पुस्तक लिहायचं आहे म्हणून दार लावतात, हा चौथा अर्थ कोणाच्या बापजन्मी कोणी ऐकला नव्हता.

पहिल्या दिवशी लोकांनी दार वाजवलं. बाईंनी ते उघडलं नाही, पण आतून उत्तर दिलं. उत्तर देता देता विषय वाढला. शेजारच्या बेकरीवाल्या युसुफभाईंची बायको हमीदाबी गोशात राहणारी. ती दोघींच्या परसाच्या भिंतीशी येऊन बोले. तिच्याशी बाई भिंतीआडून तासभर बोलल्या, पुढच्या दाराशी आलेल्या सोनाराच्या आईशी दारातून तासभर, आणि माझी आई चौकशीला आली तेव्हा खिडकीतून. संध्याकाळी मी गेले तेव्हा कागदावर एक ओळ होती आणि तीही खोडलेली.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून तोंड पण बंद."

तिथेच घात झाला. दार लागलेलं लोकांनी एक वेळ चालवून घेतलं असतं, पण रत्नाबाई हाकेला ओ देत नाहीत म्हणजे माणूस शेवटच्या घटकेला आहे, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. मी सांगत होते की बाई ठणठणीत आहेत, लिहीत आहेत. सोनाराची आई मला म्हणाली, "पोरी, तुला शपथ घातली असंल तिनं. शहाणी हाय, लोक भिऊ नयेत म्हणून लपवतीय." तिसऱ्या दिवशी बेकरीच्या मोरीजवळ उंदीर पडला. चौथ्या दिवशी दुसरा.

त्या काळी उंदीर पडला म्हटलं की कोणाला पुढचं सांगावं लागत नसे. नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर दोन माणसं घेऊन आला. बाईंनी दार उघडलं, हात पुढे केला, जीभ दाखवली, त्यांच्याबरोबर आलेल्या दवाखान्यातल्या नर्सने काखा तपासल्या. गाठ कुठेच नव्हती.

"मग दार का लावलं होतं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"चरित्र लिहितेय."

"कोणाचं?"

"एका बाईचं. ती दार लावून बसायची."

इन्स्पेक्टरने आपल्या माणसाकडे पाहिलं. माणसाने मान हलवली. दोन दिवसांत गल्ली खाली करण्याचा हुकूम निघाला. सावेडीच्या शेतात झोपड्या घातल्या गेल्या. निखिल, तू लहानपणी माझ्याकडे आलास की ज्या फ्लॅटच्या गच्चीवर पतंग उडवायचास, तो साधारण त्याच जागी आहे. तेव्हा तिथे बांध होते आणि एक विहीर होती. उंदीर युसुफभाईंनीच विष घालून मारले होते, हे त्यांनी पंधरा दिवसांनी कबूल केलं. बेकरीत उंदीर आहेत हे सांगायची त्यांना लाज वाटत होती.

सगळी गल्ली बोचकी घेऊन गेली. बाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी कागद आवरून येते," आणि तीन दिवस आल्याच नाहीत. त्यांना हवा होता तो एकांत सरकारी हुकुमाने मिळाला होता. पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत गल्लीत माणूस नाही, हाक नाही, कपडे धुतल्याचा आवाजसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी सावेडीच्या वाटेने बाई येताना दिसल्या. डोक्यावर छत्री, मागे हमालाच्या डोक्यावर ट्रंक. मी धावत गेले. "किती झालं, बाई?"

"पहिल्या दिवशी टेबल पुसलं. दुसऱ्या दिवशी परत पुसलं. काल युसुफभाईच्या मांजरीला दुसरं प्रकरण वाचून दाखवलं. ती पण उठून गेली." आणि मग हळू आवाजात, "कुसुम, शांततेनं कान दुखतात गं. ही बया कशी बसली असंल?"

झोपड्यांत पोहोचल्यावर तासाभरात त्यांनी विहिरीवरच्या पाळ्या लावून दिल्या, पोरांची शाळा भरवली, भांडणारे दोन भाऊ दोन टोकांना नेऊन ठेवले. मग ट्रंक पालथी घालून तिच्यावर कागद ठेवले आणि लिहायला बसल्या. बसण्यासाठी त्यांनी हमीदाबीच्या झोपडीची सावली निवडली. त्या झोपडीला पुढे गोणपाटाचा पडदा लावलेला होता. पडद्याच्या आत हमीदाबी, बाहेर बाई, बाजूला शिसपेन घेऊन मी. चहूकडे माणसांचा कालवा. आणि बाईंचा टाक चालू लागला. कोणी काही विचारायला आलं की त्या मान वर न करता उत्तर देत आणि लिहीत राहत. मी पानामागून पान उतरवत होते आणि माझी बोटं दुखत होती.

पाचव्या प्रकरणाशी त्या अडल्या. कवयित्री घराबाहेर पडेनाशी झाली, त्या वर्षांचं ते प्रकरण. बाईंनी टाक खाली ठेवला आणि पडद्याला विचारलं, "हमीदाबी, ऐका. ही बाई वीस वर्षं घराबाहेर पडली नाही. हिला काय दुःख असेल?"

"कोनी कोंडलेली?" पडद्याआडून प्रश्न आला.

"न्हाई. तिचं तिनंच ठरवलं."

"घरात एकली हुती?"

"एकटी कसली? आईबाप होते, बहीण होती, शेजारी भावाचं घर. ही स्वतः पाव भाजायची, बक्षीस मिळालेलं तिच्या पावाला."

"पाव भाजायची?" हमीदाबीला बेकरीवालीचा आदर वाटला असावा. "मंग दुःख कशाचं, मास्तरीनबाई? भरल्या घरात बसून हुती ती. कडी आतून हुती ना? आतून असंल तर ते घर. भाईरून असंल तर तुरुंग. तुमी शिकलेल्या, येवढं कळत न्हाई?"

बाईंनी टाक उचलला. मग म्हणाल्या, "आणि तुमची कडी कुठून आहे?"

"आमची दोन्हीकडनं हाय," हमीदाबी म्हणाली. "ल्ह्या तुमचं."

त्या दिवशी बाईंनी पाचवं प्रकरण संपवूनच पाणी घेतलं. त्याला त्यांनी नाव दिलं 'भरल्या घरातला एकांत'. बारा वर्षं आपण या बाईला एकटी समजत होतो, आणि म्हणून आपल्याला ती कळत नव्हती, असं त्या म्हणाल्या. पुढची तीन प्रकरणं नऊ दिवसांत झाली. शेवटची दोन तर इतक्या वेगाने, की मला उतरवायला मिळालीच नाहीत. "राहू दे," बाई म्हणाल्या, "छापून आल्यावर वाच."

बारा जूनला चरित्र संपलं. आपल्याकडे पोथी कापडात बांधून ठेवतात तसं बाईंनी ते एका धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं, चार गाठी मारल्या आणि ट्रंकेवर ठेवलं. तेरा तारखेला झोपड्या उठणार होत्या. चौदाला पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर ते रवाना होणार होतं.

घरी परतताना नगरपालिकेची एक अट होती. जे जे कापडाचं, ते फिनेलच्या पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून काढायचं. बायका कुरकुरत होत्या. त्यांना समजवायला, अर्थात, रत्नाबाई पिंपाशी उभ्या होत्या. "कापड म्हटलं की पिंपात! हुज्जत नको! रेशमी असो, देवाचं असो, कापड म्हटलं की पिंपात!" शे-दीडशे वेळा तरी त्यांनी ते म्हटलं असेल. मग इन्स्पेक्टरने काही विचारायला त्यांना बांधापलीकडे बोलावलं.

आता जे लिहायचं ते जड जातं, पण ते गाळलं तर उरलेलं लिहिण्यात अर्थ नाही. आमच्या घरी बाईंचा कप वेगळा होता. ख्रिस्ती म्हणून. बाई आल्या की आई प्रेमाने चहा करी, आग्रहाने पाजी, आणि तो कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवी. बाई तो स्वतः विसळून ठेवत. त्याबद्दल कोणी कधी काही बोललं नाही. बाईंच्या कुठल्या वस्तूला आईने हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. पण झोपड्यांतल्या त्या महिनाभरात बाईंनी आईच्या दोन्ही धाकट्या पोरांची आजारपणं काढली होती. आईच्या मनात काय आलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी पाहिलं ते एवढंच: ती बाईंच्या झोपडीत गेली, बाईंची लुगडी, चादर, उशीचा अभ्रा, सगळं उचलून आणलं आणि आपल्या हातांनी पिंपात बुडवून, पिळून, बांधावर वाळत घातलं. ते चार गाठींचं बोचकंही. गाठी घट्ट होत्या, म्हणून तिने ते नीट आतवर भिजेपर्यंत दाबून धरलं.

बाई परत आल्या तेव्हा आई हसत त्यांना सामोरी गेली. "रत्नाबाई, तुमचंही सगळं मी बुडवून आणलं हो. तुम्ही दिवसभर उभ्या आहात."

आईचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. तिला वाटलं, लुगड्याचा रंग गेला.

बाईंनी बांधाकडे पाहिलं. बोचक्यातून निळं पाणी ठिबकत होतं. मी तोंड उघडलं, तर बाईंनी माझा दंड असा धरला की आठवडाभर वळ राहिला. त्या आईकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, लई चांगलं केलंत. नियम म्हणजे नियम."

आईला ते काय होतं हे त्यांनी कधी कळू दिलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. आई गेली तोवर तिला वाटत होतं की बाईंचं पुस्तक छापखान्याने नाकारलं. "छापखानेवाल्यांना कुठं अक्कल," असं ती म्हणत असे. त्या दिवसानंतर कप कोनाड्यातून आत आला असं लिहायला मला आवडलं असतं. त्याला आणखी दोन वर्षं लागली.

त्या संध्याकाळी बाईंनी एकेक पान सोडवून पाहिलं. उत्तरपत्रिकांच्या एका बाजूला मुलींनी पेन्सिलीने सोडवलेली गणितं जशीच्या तशी होती. मागच्या बाजूला निळं आभाळ. मी रडत होते. बाई म्हणाल्या, "रडू नको. हिनं स्वतः तरी जन्मात किती छापलं होतं? चरित्र बाईच्या वळणावर गेलं, एवढंच." पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि रात्रीपर्यंत त्या कोणाशी बोलल्या नाहीत. रत्नाबाईंना न ठरवता गप्प बसलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

कागद पंचांगाला गेला. पुढच्या वर्षी आमच्या घरी पंचांग आलं तेव्हा बाईंनी ते हातात घेऊन पान चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "कागद बरा होता."

मी कॉलेजसाठी पुण्याला गेले. सुट्टीत आले की विचारायची, बाई, पुन्हा कधी लिहिणार? "कसं लिहू? लिहायचं तर दार लावावं लागेल, आणि मी दार लावलं की नगर खाली होतं." पुढे त्यांची बदली शेवगावकडे त्यांच्या माहेरच्या बाजूला झाली. तिथल्या शाळेतही त्यांचा तास फाटकापासून सुरू होत असे, असं तिथल्या एका मुलीने मला सांगितलं. त्या वारल्याचं पोस्टकार्ड मला मुंबईत मिळालं, चार दिवस उशिरा. हमीदाबीच्या मुलाने लिहिलं होतं. अंत्यविधीला जागा पुरली नाही, असं त्यात होतं.

ईशा, निखिल, त्या चरित्राची शाईतली प्रत नाही. माझी शिसपेनची वही आहे; शेवट नसलेलं चरित्र छापायला द्यायला बाई तयार नव्हत्या, म्हणून ती माझ्याकडेच राहिली. वही दोनशे पानी, तिची एकशे त्रेचाळीस पानं भरलेली आहेत. सहा प्रकरणं पूर्ण आहेत. पाचव्यात हमीदाबीचं वाक्य तिच्या नावानिशी आहे. कवयित्रीचं शेवटचं आजारपण आणि मृत्यू सातव्या-आठव्या प्रकरणात होते, ते नाहीत. अक्षर माझं आहे आणि अजून वाचता येतं.